घराला घर

होडी घाटाला लागून तासभर झाला तरी निस्तारिणी पिशी विळीवरून उठली नाही. केळफूल सोलून बारीक चिरणं हे चिकाटीचं काम, त्यात आज तिनं मुद्दाम मोठं केळफूल घेतलं होतं.

"पिशी, ओहोटी लागली. ऊठ आता," प्रियनाथ म्हणाला.

पिशी म्हणजे आत्या; प्रियनाथ तिचा भाचा, नलडुबीच्या कचेरीतला मुखत्यार, हातात पेन्सिल घेऊन वर्तमानपत्र वाचणारा माणूस. यशोहर जिल्हा पाकिस्तानात जाणार आणि खुलना हिंदुस्थानात राहणार, असं छापून आल्यापासून त्याला धड झोप नव्हती. नलडुबी यशोहरात. म्हणून त्यानं नदीच्या खालच्या अंगाला, खुलन्यातल्या केवराखालीचा तोराब अली शोधून काढला. हा सुपारीचा व्यापारी तिकडून इकडे यायला तेवढाच उतावीळ होता. घराला घर, तळ्याला तळं, असा अदलाबदलीचा दस्त झाला. उरली पिशी. तिच्या बदल्यात काय मागावं हे कोणालाच सुचलं नव्हतं.

"कुठला जिल्हा म्हणालास हा?" तिनं विचारलं.

"यशोहर."

"मी जन्मले तेव्हा हे गाव नदियात होतं. माझे दुधाचे दात पडत होते तेव्हा एका सकाळी दवंडी आली, आजपासून तुम्ही यशोहरात. बाबांनी ऐकून घेतलं आणि गाईला वैरण टाकली. घर हललं नाही की नदी हलली नाही."

"तेव्हा जिल्हा बदलला होता, पिशी. आता देश बदलतोय."

"मग त्यानं जावं. मी का जाऊ?"

प्रियनाथनं कपाळाला हात लावला. त्याच्या बायकोनं पाय धरले, रडून पाहिलं. साहेबानं ओढलेली फाळणीची रेघ तू डोळ्यांनी पाहिलीस का, असं पिशीनं विचारलं, तेव्हा मात्र तो भडकला. रेघ जाहीर व्हायची आहे, पण जिल्हे ठरलेत, शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे, म्हणाला. पिशी म्हणाली, मग शेंबड्या पोरालाच घेऊन जा.

शेवटी होडी तिच्याशिवाय सुटली.

नदीच्या वळणावर तोराबची होडी भरतीची वाट बघत बांधलेली होती. दोन्ही होड्या एकमेकींना टेकल्या. प्रियनाथनं किल्ल्यांचा जुडगा दिला, तोराबनं आपला दिला. दोघांनी एकमेकांचा हात घट्ट धरला. दोघंही आपापल्या देशात निघाले होते, आणि दोघांचेही डोळे भरले होते. माझी आत्या राहिली आहे, निरोप येताच घेऊन जाईन, तोवर सांभाळा, एवढं प्रियनाथ बोलला.

तोराब बायकामुलांना घेऊन अंगणात आला तेव्हा पिशी ओसरीवर बसली होती.

"पाय धुऊन या," ती म्हणाली. "तुळशीजवळ कोंबड्या सोडायच्या नाहीत. आणि आतली चूल माझी, तिला कोणी हात लावायचा नाही."

"पिशीमा, दस्तात तुम्ही नव्हता," तोराब हसून म्हणाला.

"तू तरी माझ्या घरात कुठं होतास?"

तोराबच्या बायकोनं, सकीनानं, गोठ्याशेजारी दुसरी चूल मांडली. एक ट्रंक सोडून बाकी सामान लागलं. ती ट्रंक दोर बांधलेली तशीच ओसरीवर राहिली. केवराखालीत आम्हाला कोणी वाकडा शब्द बोललं नाही, सकीना सांगायची, पण सगळा आषाढ आम्ही ही ट्रंक उशाशी घेऊन झोपलो. आता सोडते एकदाची, असं रोज म्हणायची आणि राहून जायचं.

पंधरा ऑगस्टला ठाण्यावर चांदताऱ्याचा हिरवा झेंडा चढला. दुपारी चार तरुण फाटकाशी आले. म्हातारी अजून इथं कशी, तिला नदीपार पोचवतो, म्हणू लागले. पिशी विळी उचलून घेऊनच उठली.

"झेंडा तुमचा असेल. ओसरी माझी आहे. वर पाय टाकून बघा."

तोराब मध्ये आला. त्याचा आवाज शांत होता. "म्हातारी घराबरोबर आलीये. दस्त बघायचा असेल तर वकील घेऊन या."

पोरं चडफडत गेली. त्या संध्याकाळी पिशीनं केळफुलाच्या भाजीचा वाडगा सकीनाच्या चुलीपाशी नेऊन ठेवला. तिला तोराबचा अभिमान वाटला होता, आणि तो दाखवायची दुसरी रीत तिला येत नव्हती.

झेंडा लागून तीन दिवस झाले. सकाळी बाजारात ढोल वाजला. तोराब बघायला गेला आणि लगेच परतला. कोणाकडे न पाहता त्यानं ओसरीवरची ट्रंक ओढली आणि दोर आवळायला लागला. सकीनानं काय झालं विचारलं, तर त्यानं गाठीवर आणखी एक गाठ मारली.

पिशी आली आणि ट्रंकेवर बसली.

"उठा, पिशीमा," तोराब म्हणाला.

"काय पिटलं ते सांग."

"आता तुम्हाला कुठं जायला नको. आम्हाला जायला हवं. पण जायचं कुठं?"

"वेडा झालास? दवंडीला घाबरून या घरातून मी हलले नाही. तूही हलायचं नाहीस. दोर सोड."

तोराबनं दोर सोडला नाही. ढोल रस्त्यानं जवळ येत फाटकाशी थांबला, आणि दवंडीवाल्यानं खणखणीत आवाजात सांगितलं, साहेबाची रेघ जाहीर झाली आहे, नलडुबी आजपासून हिंदुस्थानात, आणि खुलना जिल्हा सगळाच्या सगळा पाकिस्तानात.