सुटातला बचावपटू

"हे बघ, तू आता मॅनेजर आहेस. सूट मळवलास तर तूच धुवायचा," नेवेन्कानं नवऱ्याला सकाळीच बजावलं होतं. यादरान क्रोएशियातल्या त्यांच्या गावच्या फुटबॉल संघात सोळा वर्षं बचावपटू होता, आणि तेवढीच वर्षं ती त्याच्या चड्ड्यांवरचे गवताचे डाग ब्रशनं घासत होती.

त्याच संघाचा मॅनेजर झाल्यापासून मात्र तो मैदानाच्या कडेला, परक्याच्या लग्नात आल्यासारखा अवघडून उभा राहायचा. संघ हरत होता. आजही जिंकला नाही, तर नोकरी जाणार होती.

शेवटच्या मिनिटाला एका गोलची आघाडी असताना समोरच्यांचा खेळाडू चेंडू घेऊन सुसाट निघाला, तोही यादरानच्या पुढ्यातून. गॅलरीत बसलेली नेवेन्का "अरे, नको!" म्हणेपर्यंत मॅनेजरसाहेब सुटासकट गवतावर घसरले आणि चेंडू थेट प्रेक्षकांत!

लाल कार्ड मिळालं. मान खाली घालून तो गॅलरीत तिच्या शेजारी येऊन बसला. समोरच्यांनी फ्री किक गोलवरून उडवली आणि शिट्टी वाजली.

"जिंकलो!" तो ओरडला, आणि मग हिरवेगार गुडघे आठवून भीत भीत तिच्याकडे पाहू लागला.

नेवेन्कानं पर्स उघडली. सकाळीच आठवणीनं टाकलेला ब्रश वरच होता.