बुरशीची कात्री

प्रयोगशाळेतल्या माझ्या दुधाच्या प्लेटवर बुरशीभोवती पुन्हा ते पारदर्शक कडं उमटलं होतं. म्हणजे बुरशीने दुधातली प्रथिनं कापून खाल्ली होती. पण ती कापणाऱ्या एन्झाइमचं जनुक तर मी स्वतःच काढून टाकलं होतं!

"शलाका, माझ्या प्लेटमध्ये तुझी बुरशी कशी गं आली?" प्लेट उबेत ठेवायचा आमचा इन्क्युबेटर एकच, आणि तिच्या बुरशीत ते जनुक शाबूत.

"मला काय माहीत? झाकण उघडं टाकून तूच गप्पा मारत बसतेस," ती हातमोजे काढत हसली.

ते हसणं मला खटकलं. मी नव्या प्लेट केल्या आणि झाकणाच्या सांध्यावर बिनरंगी नेलपॉलिशचा ठिपका लावला. झाकण उघडलं की तो तडकणार.

सोमवारी कडं होतंच. ठिपका मात्र अख्खा.

आमच्या गाईड मॅडमनी प्लेट उजेडात धरली. "अगं, तू एक एन्झाइम, म्हणजे तिची एक कात्री काढून घेतलीस, तर उपाशी बुरशीने दुसरी बाहेर काढली. जगायचं, वाढायचं तर तिला कापायलाच हवं. हे तर नवीनच सापडलंय तुला!"

मला शरमल्यासारखं झालं. शलाकाला सगळं सांगून माफी मागायची असं ठरवत मी प्लेट परत ठेवायला गेले. जागा करायला तिच्या प्लेटची चळत जरा सरकवली.

सगळ्यात वरच्या प्लेटवर, झाकणापासून तळापर्यंत, माझ्या ठिपक्यासारखाच मुद्दाम एक लांब केस चिकटवलेला होता. माझ्या धक्क्याने तो सुटला, आणि दारात शलाका उभी होती.