ऑरिनच्या बंदुकीतल्या खोडी

"अर्धा इंच लांब आहे," ऑरिन म्हणाला आणि त्याने बंदूक डेल्मरला परत दिली.

डेल्मरने आधी बंदुकीकडे पाहिलं, मग ऑरिनकडे. जूनमध्ये याच गॅरेजात, याच खांद्याला लावून त्याने दस्त्याचं माप घेतलं होतं. तेव्हा केसाचाही फरक नव्हता.

"जूनमध्ये मी शर्टात होतो," ऑरिन म्हणाला. "हरणांच्या मोसमात अंगात जाड कोट असतो. कोटावर हा दस्ता लांब पडणार."

दाराशी उभी असलेली डेल्मरची मुलगी ब्रिटा चकितच झाली. सोळा वर्षं बंदुकांच्या घरात वाढलेल्या तिलाही हे सुचलं नसतं, आणि तिच्या शाळेची बस चालवणारा हा माणूस घडाघडा बोलून गेला होता. मध्ये एकदा शर्टाच्या खिशात काहीतरी चाचपायला थांबला, तेवढंच.

"ही सातवी खोड," डेल्मर म्हणाला.

"सातवीच? मला वाटलं आठवी."

डेल्मर आठवडाभर लाकडाच्या गिरणीत राबायचा. उरलेला जीव बंदुकांत. नळी एकीकडून मागवायची, चाप दुसरीकडून, आणि अक्रोडाच्या ओबडधोबड ठोकळ्यातून दस्ता स्वतः कोरायचा. वर्षाला फार तर दोन, त्याही दोस्तांसाठी. हात घसरू नये म्हणून दस्त्यावर जी बारीक जाळी कोरतात, ती वेर्ना कोरायची, ब्रिटाची आई. रविवारी तिघं गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत जायची आणि कागदावर नेम धरायची. हरेल त्याने सगळ्यांना पॅनकेक करून घालायचे. वेर्नाने वर्षातून एखाद्या वेळी केले असतील.

फेब्रुवारीत वेर्ना गेली.

ऑरिनची बंदूक तिनेच ठरवली होती, हॉस्पिटलच्या खाटेवरून. त्याला एक करून दे, मी शब्द दिलाय, म्हणाली. डेल्मरने मान डोलावली. दफन झाल्यावर त्याने ब्रिटाला सांगितलं की ही शेवटची. ही झाली की गॅरेजला कुलूप, आणि किल्ली नदीत.

"आणि मग?" ब्रिटाने विचारलं होतं.

"मग काही नाही."

ते 'काही नाही' ब्रिटाला तेव्हापासून रोज दिसत होतं. तो पलंगावर झोपत नव्हता, सोफ्यावर बसून उजाडायची वाट बघायचा. पुढ्यात ठेवलेलं ताट गार व्हायचं. फक्त हातात कानस आली की तो तिचा बाबा दिसायचा. म्हणून ऑरिन खोड काढायचा, डेल्मर चिडायचा आणि ब्रिटा मनातल्या मनात उड्या मारायची. चिडलेला माणूस निदान जेवतो.

आणि ऑरिनच्या खोडी तरी कसल्या! गाल टेकायची जागा उंच आहे. मूठ जाड आहे. तेलाची चमक जास्त झाली, हरणाला मैलावरून दिसेल. डेल्मरने सगळं तेल खरवडलं आणि तळहाताच्या उबेने पुन्हा जवसाचं तेल जिरवलं, एकावर एक बारा हात. मे महिन्यात ऑरिन म्हणाला, दस्त्यावर जाळीच नाही, हात घसरेल. जाळी डेल्मरने जन्मात कोरली नव्हती. त्या दिवशी त्याने पहिल्यांदा वेर्नाच्या हत्यारांचा डबा उघडला.

"बस चालवणाऱ्याला दिसतं तरी कसं हे सगळं?" असं मात्र तो दर वेळी करवादायचा.

एक गोष्ट ऑरिन पद्धतशीर करायचा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायची, मग उघडून बघायचं की नजर नेमावर येते का. दस्ता बसतो की नाही ते ताडायची ही जुनी रीत. फक्त ऑरिन कधीकधी डोळे उघडायचं विसरायचा. ब्रिटाला हसू यायचं.

ऑक्टोबरात एका सकाळी बस आलीच नाही. आगारात, स्टिअरिंगवरच, ऑरिनचं हृदय थांबलं होतं.

दफनानंतरच्या शनिवारी डेल्मरने दस्त्यावरून शेवटचा कपडा फिरवला. अर्धा इंच कमी झाला होता. मोंटानाभर शोधूनही सापडली नसती अशी बंदूक झाली होती.

"झाली," तो म्हणाला. ब्रिटा बंदुकीची पेटी घेऊन पिकअपमध्ये जाऊन बसली.

पुलावर डेल्मरने गाडी हळू केली. गॅरेजची किल्ली त्याच्या मुठीत होती.

"येताना," तो म्हणाला.

ऑरिनच्या बायकोने, आर्डिसने, दार उघडलं आणि पेटी पाहून ती दोन पावलं मागे सरली.

"बंदूक? ऑरिनसाठी?" तिला खरंच कळेना. "डेल्मर, चार जुलैचे फटाके वाजले तरी तो तळघरात जाऊन बसायचा. डोळे उघडे ठेवून त्याने ही हातात तरी धरली का कधी?"

डेल्मरने पेटी पायरीवर ठेवली.

आर्डिस आत जाऊन एक कागद घेऊन आली. घड्या पडून पडून विरलेला. ऑरिनच्या शर्टाच्या खिशात सापडला, वर तुझं नाव होतं म्हणून धुवायच्या आधी काढून ठेवला, म्हणाली.

डेल्मरने तो उलगडला आणि पायरीवर बसला. ब्रिटाने त्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं.

आकडे घालून लिहिलेल्या बारा ओळी. पहिल्या सातांवर पेन्सिलीच्या खुणा. सातवी: कोटावर लांब पडेल, थंडी लागली की सांग. आठवी: चाप जड आहे. बारावी: आता खोड काढू नकोस, घेऊन जा, आणि दोघांना जेवायला बोलाव.

अक्षर आईचं होतं.