जलमतीची ओटी

“पाणी वाटणारीनं आधी पिऊ नये, लेकराच्या वाट्याचं ओठी लावू नये.” विहिरीवर बायांच्या घागरी भरून देताना आत्या गायची. तिचा तो आवाज पालिकेत पाण्याच्या मीटरच्या नोंदी ठेवणाऱ्या गोदावरी कवडेच्या कानात अजून होता.

आज त्याच आत्याचं आंबेगव्हाण बुडवायचा ठराव होता. शहराचं सातवं धरण. पन्नास वर्षांनी शहराला किती पाणी लागेल, हे जलमती नावाचं यंत्र सांगायचं, आणि दर खेपेला आकडा वाढवूनच सांगायचं. ठरावाआधी आयुक्तांच्या पत्नीनं खणानारळानं यंत्राची ओटी भरली. लोखंडाची ओटी! शिकलेली माणसं हात जोडून उभी होती. नंदीबैलसुद्धा मान हलवण्याआधी गुबूगुबू ऐकून घेतो, गोदावरीच्या मनात आलं.

“कवडेबाई, मीटरच्या नोंदीवर सही करा की,” आयुक्त म्हणाले. “माहेर बुडतंय म्हणून रुसलात?”

सगळे हसले.

“साहेब, नळाला चार दिवसांआड पाणी येतं. सहा धरणं जातात कुठे?”

“शहर वाढतंय, बाई!”

गोदावरीनं पेन बंद केलं.

“शहर दीडपट वाढलं, हे यंत्र दसपट. स्वतःला गार ठेवायला चार धरणं तेच पितं, आणि शहराची उद्याची म्हणून स्वतःचीच तहान तुम्हाला सांगतं. त्याच्या नळाचं मीटर माझ्याकडे आहे. तीन वर्षं मला ठाऊक आहे, साहेब. परक्यांची गावं बुडत होती, तोवर मी गप्प बसले.”