कोदैची चाल

संगीतकारानं पेटीवर नुसतं ‘तननाना’ गुणगुणावं आणि तंगवेलूंनी कॉफी निवायच्या आत त्यात शब्द भरावेत. तमिळ सिनेमातल्या प्रेमगीतांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आता अर्धांगवायूनं त्यांच्या बायकोची, कोदैची, वाचा गेली होती. खाटेवरून त्यांच्याकडे बघत ती गुणगुणली, “तन... ननाना.”

“पाणी हवंय? लेकीला बोलावू?”

तिनं नकारार्थी मान हलवली. मग नवख्या गीतकाराला ऐकवतात तशी तीच चाल सावकाश, एकेक सूर सुटा करून ऐकवली.

तंगवेलूंना एकही शब्द सुचेना. “परत म्हण, कोदै. या वेळी जमेल.”

ती परत गुणगुणली नाही. धड असलेल्या हातानं तिनं डोळे पुसले. त्यांचे.