चार नंबर आणि अकरा नंबर

“काका, अकरा नंबर थांबायलाच तयार न्हाई,” रेश्मा म्हणाली.

नागापूरच्या एमआयडीसीत, टायरच्या दुकानावरच्या खोलीत गहिनीनाथचं वधू-वर मंडळ होतं. तिथल्या कॉम्प्युटरवर लग्नाळू पोरापोरींच्या नावाच्या खिडक्या आपल्या आपण चालायच्या. लग्नाच्या वेबसाइटवर शिरायच्या, स्थळं बघायच्या, पसंती कळवायच्या, आलेल्या निरोपाला गोड उत्तरंसुद्धा द्यायच्या. आईबाप पासवर्ड देऊन मोकळे; आत कोण लिहितंय, ते कुणी विचारत नसे. रेश्माचं काम एवढंच, की सकाळी प्रत्येक खिडकीची तब्येत बघायची. हिरवा ठिपका म्हणजे चालू. पिवळा म्हणजे अडकली. लाल म्हणजे साइटनं बाहेर काढली.

अकरा नंबर हिरवंगार होतं. अकरा नंबर म्हणजे पुणतांब्याचा आदिनाथ. रेश्मानं खिडकी मोठी केली आणि तिचा हात माउसवरच राहिला.

“काका, ह्ये चार नंबरशी बोलतंय.”

“आपल्या चार नंबरशी?” गहिनीनाथ उठला तो खुर्चीसकट उठला.

चार नंबर म्हणजे पाथर्डीकडची सविता. महिनाभराचं बोलणं होतं. हा म्हणतोय, मला पहाटे गोदावरीत पोहायला आवडतं. ती म्हणतेय, मलाही. पाथर्डीत पोहायला पाणी कुठलं, ते खिडकीला कोण सांगणार? ती म्हणतेय, मला गाईंशिवाय करमत नाही. हा म्हणतोय, माझाही गाईंवर फार जीव. दोन लेकरांची नावं ठरली होती. तिसऱ्याचा विषय निघाला होता.

“म्हंजे त्या दोघांनी एक अक्षरसुदिक लिहिलेलं न्हाई,” रेश्मा म्हणाली. “आजची सुपारी थांबवा, काका.”

गहिनीनाथनं घड्याळाकडं पाहिलं. पोरांचं जमलंय, असा फोन त्यानंच दोन्ही घरी केला होता. सुपारी मध्यस्थाच्या दारात फोडायची म्हणून दोन्ही घरं इथंच यायची होती, आणि जिन्यावर पावलं वाजायला लागली होती.

सविता आणि तिचे वडील आबासाहेब आले. आदिनाथ आणि त्याची आई छबूबाई आली. ताट मांडलं, कुंकू लागलं. आबासाहेबांनी अडकित्त्यात सुपारी धरली तेव्हा रेश्माला राहवेना. तिनं सगळं एका दमात सांगून टाकलं.

अडकित्ता उघडाच राहिला.

“मला वाटलं, सवीच लिहितीया,” आबासाहेब म्हणाले. “मोबाईलमधी डोकं घालून तर असती सारखी.”

“अन् मला वाटलं, तुमीच कुनाकडनं तरी लिहून घेताय,” सविता म्हणाली.

“आमचं येडं एवढं गोड बोलतंय म्हनल्यावर मला तवाच शंका आल्ती,” छबूबाईंनी कपाळावर हात मारला.

आदिनाथ मान खाली घालून बसला होता.

आबासाहेब मात्र पटकन सावरले. “मशीन तर मशीन. जुळलं न्हवं? आमच्या येळंला तरी कोन बोललं हुतं? मध्यस्थच बोलला.” त्यांनी सुपारी पुन्हा नीट धरली.

“आबा, थांबा,” सविता उठली. थेट रेश्माच्या खुर्चीपाशी गेली. “चार नंबर माजं न्हवं? सरक.”

तिच्या नावानं महिनाभर चाललेल्या बोलण्यात तिनं पहिल्यांदा स्वतः लिहिलं: ‘मला हे लग्न करायचं नाही. नर्सिंगला माझा नंबर लागलाय. घरी सांगायची हिंमत झाली नाही.’

आणि बटण दाबलं.

आबासाहेब ओरडणार, तेवढ्यात अकरा नंबरचं उत्तर पडद्यावर आलंसुद्धा: ‘किती छान विचार आहेत तुमचे! मलाही हे लग्न करायचं नाही.’ पुढं गुलाबाचं फूल.

सगळ्यांनी आदिनाथकडं पाहिलं. त्याचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. मोबाईल खिशात होता.

त्यानं पडद्यावरची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग आईकडं वळला.

“आये,” तो म्हणाला, “म्हैनाभरात ह्ये आज पयल्यांदा खरं बोललं.”