राणीचा सज्जा

राजवाडा दाखवणारा गाईड वर्षानुवर्षं एकच गोष्ट सांगत आला होता. राणीच्या सज्जात पोचलं की म्हणायचं, "राजा-राणी रोज संध्याकाळी इथे बसून नदी बघायचे." बाया सुस्कारा सोडायच्या, पुरुष फोटो काढायचे आणि मंडळी पुढे सरकायची.

आज मात्र घोळक्याच्या मागे त्याची नजर गेली आणि तोंडपाठ वाक्य त्यानं अर्ध्यावरच सोडलं. खाकरून तो म्हणाला, "खरं सांगू का, राणी इथे कधी बसलीच नाही. आल्यागेल्याला राजानं राजवाडा हिंडून दाखवला. राणीला मात्र म्हणायचा, आज दमलोय, उद्या जाऊ. त्या उद्याची वाट बघून ती कंटाळली आणि एक दिवस बहिणीकडे निघून गेली."

दारातला पहारेकरी चमकला. "हे कुठलं नवीन काढलंत आज?"

"मग राजानं काय केलं?" एका तरुणीनं विचारलं.

"बसला गाल फुगवून. चूक कळत होती हो, पण मेहुणीच्या दारात जायला पाय उचलेना. राजा पडला ना."

"आणि राणी? ती आली का परत?"

गाईडनं मान खाली घातली. "ते अजून मलाही कळलेलं नाही."

घोळक्यातून वाट काढत एक बाई पुढे आली. पदरानं तिनं सज्जातल्या दगडी बाकावरची धूळ झटकली.

"आली. रांगेत उभी राहून, तिकीट काढून आली. सरका जरा, बसू द्या."